तामान नगारा: ३३४ मीटरच्या टेकडीने काढलेला घाम

कळसूबाई १,६४६ मीटर. मलेशियातल्या तामान नगारा या जंगलातली टेकडी, बुकित तेरेसेक, ३३४ मीटर. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या हॉलमध्ये नकाशा उघडून बसलो होतो, तेव्हा हे आकडे वाचून शेजारचे काका हसले होते. "अगं, ही तर येऊरच्या पुढची टेकडी झाली." जुलैमधल्या एका सकाळी त्याच टेकडीच्या निम्म्यावर काका लाकडी पायरीवर बसले, टी-शर्ट काढून पिळला, आणि पुढचा अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत.

आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, ऐरोलीचे दीर-जाऊ, कॉलेजातली भाची आणि वय वर्षं ६३ असलेले काका. सगळे सह्याद्रीत हिंडलेले, काकांनी तर हरिश्चंद्रगड किती वेळा केला हे मोजणंही सोडून दिलंय. त्या अनुभवातला कोणता भाग तिकडे चालतो आणि कोणता चालत नाही, हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहितेय.

तामान नगारा मलेशियात आहे. 'तामान' म्हणजे बाग आणि 'नगारा' म्हणजे देश. हा शब्द मुळात आपलाच 'नगर', तिकडे जाऊन देशाएवढा मोठा झाला. पाहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत मिळून ४,३४३ चौरस किलोमीटर जंगल. आपल्या बोरिवली-येऊरचं अख्खं राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज बांधा.

पहिली चूक तारखेची होणार होती. भाचीला सुट्टी, दिरांना रजा, म्हणून डिसेंबर ठरला होता. पण आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यांच्या पूर्वेकडचा ईशान्येकडून. नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी हा तिथला खरा पावसाळा. डिसेंबर २०१४ मध्ये याच तीन राज्यांत महापूर आला होता. त्यामुळे आपण ज्या महिन्यांत छत्री घेऊन स्टेशन गाठतो, तेच महिने तिकडे त्यातल्या त्यात कोरडे. 'त्यातल्या त्यात' हे महत्त्वाचं. जुलैतही आम्हाला तीनपैकी दोन दुपारी झोडपलंच.

तारीख ठरली की गाईड. इथे घाई करू नका. ठाण्यातल्या एका एजंटाने आम्हाला "वाघ नक्की दाखवू" असं सांगितलं, तिथेच आम्ही चहा संपवून उठलो. संपूर्ण मलेशियात जंगली वाघ १५० पेक्षा कमी उरलेत, आणि त्या दाट झाडीत दहा फुटांवरचा हत्तीसुद्धा दिसायची खात्री नसते. शेवटी आम्ही क्वाला ताहान या गावातूनच गाईड ठरवला. मलेशियात गाईडला पर्यटन खात्याचा परवाना लागतो, त्याचा फोटो आधी मागवून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका गाईडमागे किती माणसं, बोट आणि जेवण पैशांत धरलंय का, झोपायची चटई कोण उचलणार, हेही विचारा. मी विचारलेला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र वेगळा होता: "पाऊस वाढला तर परत फिरायचं कोण ठरवणार?" एकाने उत्तर दिलं, "तुम्ही म्हणाल तसं." त्याला नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, "मी ठरवणार, आणि तेव्हा वाद नको." त्याच्याबरोबर गेलो. वयाने मोठ्या पुरुषाला तिकडे 'अबांग' म्हणजे दादा म्हणतात. आम्हीही तेच म्हणायला लागलो, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा.

तयारी काय केली, तर येऊरला जाणं बंद करून उपवन तळ्याभोवती ओले मोजे घालून चाललो. वेडेपणा वाटेल, पण तिकडे पाय दिवसभर ओलेच असतात, आणि फोड कुठे येतो हे घरीच कळलेलं बरं. जाऊबाईंचे महागातले ट्रेकिंग शूज या परीक्षेत नापास झाले. आत शिरलेलं पाणी बाहेर यायलाच तयार नाही. अबांगच्या पायात एकसंध रबराचे, खाली खुंट्या असलेले साधे बूट होते. गावकरी त्यांना गमतीने 'कांपुंग आदिदास' म्हणतात, म्हणजे खेड्यातले आदिदास. चिखलात घसरत नाहीत, झटकले की पाणी गेलं. जाऊबाईंनी वाटेतल्या जेरांतुतला एक जोड घेतला आणि आमच्यात सगळ्यात कमी पडल्या त्याच.

जळवांसाठी लांब मोजे लागतात. ऑनलाइन किंमत बघून मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेले आणि घट्ट विणीच्या मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवून घेतले, वर नाडी. "नाटकासाठी का?" त्याने विचारलं. नेहमीच्या मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते, मांजरपाटातून नाही. सासूबाईंनी आंबोलीच्या अनुभवावरून तंबाखूचं पाणी लावायला सांगितलं होतं, तेही लावलं. पहिली नदी ओलांडेपर्यंत उपयोग झाला. चिकटलीच तर ओढू नका, मीठही टाकू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवलं की सुटते. रक्त मात्र बराच वेळ वाहतं, कारण ती चावताना ते गोठू न देणारा पदार्थ सोडते. पट्टी लावायची आणि चालायचं.

मुंबई ते क्वालालंपूर विमानाने पाच तास, तिथून बसने जेरांतुत तीनेक तास, पुढे क्वाला ताहान दीड-दोन तास. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता, पण ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा तिकिटाआधी तपासा. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचंच. विम्याच्या कागदात 'ट्रेकिंग' वगळलंय का तेही बघा. आमच्या पहिल्या पॉलिसीत वगळलं होतं.

गाव नदीच्या या काठाला, जंगल त्या काठाला, मध्ये छोटी होडी. पहिल्या दिवशी तेरेसेक टेकडी आणि दोरांवरचा झुलता पूल. पूल दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो, आधी विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी बोटीने वरच्या अंगाला जाऊन आत शिरलो, मुक्काम केपायांग बसार या गुहेत. गुहेला मलयात 'गुआ' म्हणतात, म्हणजे पुन्हा आपलाच शब्द.

आठ-नऊ किलोमीटरला सात तास लागले. चढ फारसा नाही, पण दर पन्नास पावलांवर आडवं पडलेलं झाड, त्यावरून किंवा खालून. वेताच्या काटेरी वेली बाही धरून ठेवतात. तेव्हा झटका द्यायचा नाही, एक पाऊल मागे यायचं, की आपोआप सुटते. वारा अजिबात नाही. घाम येतो आणि वाळत नाही, हेच त्या ३३४ मीटरचं गुपित. गडावर आपण धापा टाकत चढतो आणि माथ्यावरच्या वाऱ्यात ताजेतवाने होतो. इथे माथाही नाही, वाराही नाही. अबांगचं एकच पालुपद, "पेलान-पेलान", हळूहळू. नवरा पहिले दोन तास त्याच्या पुढे पळत होता. तिसऱ्या तासाला पायात गोळे आले, मग इलेक्ट्रॉल पिऊन मुकाट्याने मागे. माणशी तीन लिटर पाणी धरा. मांड्या घासतात, व्हॅसलीन लावून निघा, आणि जीन्स घरी ठेवा.

हळू चाललो म्हणूनच काही दिसलं. तुआलांग नावाच्या झाडाची मुळं भिंतीसारखी उभी, सहा जण आडोशाला बसू शकलो. धनेश आधी ऐकू आला, पंखांचा आवाज आगगाडीच्या इंजिनासारखा. हत्तीची लीद ताजी होती, हत्ती नव्हता.

कपड्यांचे दोन संच, एवढा नियम पाळा. कोरडा संच फक्त झोपायला, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. सकाळी कालचे ओले, थंडगार कपडे पुन्हा अंगात घालायचे. भाची त्या वेळी जे काही पुटपुटली ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गुहा मोठी आहे, वटवाघळांच्या विष्ठेचा वास तासाभरात सवयीचा होतो. खाणं दोरीला उंच टांगायला अबांगने सांगितलं होतं. आम्ही भडंगाची एक पुडी विसरलो, आणि रात्री साळिंदराने ती साग्रसंगीत संपवली. काट्यांची खुळखुळ अंधारात ऐकत आम्ही सहाही जण श्वास रोखून पडलो होतो.

शाकाहाऱ्यांसाठी: 'सायुर' म्हणजे भाजी, पण साध्या दिसणाऱ्या भाजीतही बेलाचान, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट, असते. 'तानपा बेलाचान, तानपा इकान बिलिस' हे पाठ करा. 'तानपा' म्हणजे 'शिवाय', आणि 'इकान बिलिस' ही सुकी मासळी. जाऊबाईंनी हे कागदावर लिहून गळ्यातल्या पाऊचमध्ये ठेवलं होतं आणि जेवणाच्या प्रत्येक टपरीवर कागद पुढे करायच्या.

लेप्टोच्या आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आत फोनला रेंज नाही, घरी तसं सांगून ठेवा. माझ्या आईने तिसऱ्या दिवशी दिराच्या ऑफिसात फोन केला होता.

मांजरपाटाच्या मोज्यांचे दोन जोड माळ्यावर आहेत, धुतलेले. एक कोणाला हवा असेल तर नेऊ शकता. दुसरा काकांनी पुढच्या जुलैसाठी नाव घालून ठेवलाय.