तुम्ही विचारलंत म्हणून: धरलेला नीबार सोडला का?

जिममध्ये विचारून झालं, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून झालं, परवा तर परळ स्टेशनच्या जिन्यात एकाने थांबवून विचारलं, "भाई, फायनलला नीबार लागला होता, सोडलास का?" दर वेळी मी काहीतरी पुटपुटतो आणि विषय बदलतो. आता एकदाच सगळं सांगून टाकतो. मी जिउ-जित्सू खेळतो, म्हणजे समोरच्याला जमिनीवर पकडीत अडकवून हार मानायला लावायची कुस्ती. नीबार ही त्यातलीच एक पकड: समोरच्याचा पाय मिठीत घेऊन गुडघा उलट्या दिशेला ताणायचा.

पहिलं म्हणजे, "लागला होता" हे तुम्ही व्हिडिओ बघून म्हणता. व्हिडिओत त्याचा पाय सरळ दिसतो, मी मागे रेललेला दिसतो, झालं. पण नीबारचा सगळा खेळ दोन-चार बोटांचा असतो. माझी कंबर त्याच्या गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, मांडीवर हवी. ती नडगीकडे घसरली की तरफेचा टेकूच चुकला, मग कितीही जोर लावा. वाटी माझ्या पोटाकडे हवी. माझे दोन्ही गुडघे आवळलेले हवेत, नाहीतर तो आपला गुडघा अलगद बाहेर काढून घेतो. टाच माझ्या कानाशी, अख्खा पाय छातीशी घट्ट. हे सगळं जागेवर असलं की कंबर इंचभर पुढे नेली तरी पुरते. झटका मारायची हुक्की येते ती यातलं काहीतरी सुटलेलं असतं तेव्हाच. नो-गीत, म्हणजे जाड कुडत्याशिवाय खेळताना, जुलैच्या घामात, ते सुटतंच.

आमचे सर शेवट कसा करायचा हे शिकवताना बोलायचं काम खालच्याला देतात. मी हळूहळू ढिलाई काढायची आणि त्याने सांगत राहायचं: काही नाही, काही नाही, मागे ओढ लागली, टॅप. टॅप म्हणजे हाताने थोपटून "हरलो" सांगणं. तो आला की आधी कंबर सैल, मग गुडघे, मग हात. पाय हातातून टाकून द्यायचा नाही. यातून मला कळलं ते हे की प्रत्येकाचा गुडघा वेगळ्या जागी बोलतो. आमच्यात एक सीए काका आहेत, दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या मागच्या शिरा इतक्या आखडल्यात की पाय सरळ व्हायच्या आधीच टॅप करतात. आणि एक मुलगी आहे, लहानपणापासून शिवाजी पार्कला मल्लखांब केलेली. तिचा गुडघा सरळ होऊन पुढे उलटा वाकतो, धनुष्यासारखा. मला वाटतं आता तुटलाच, मी घामाघूम, आणि ती खालून म्हणते, "दादा, अजून काहीच नाही."

जिममध्ये हे विचारता येतं. फायनलला कोण कोणाला विचारतंय!

आता ती फायनल. अंधेरीतला हॉल, एसी नावापुरता. मी स्वीप करून, म्हणजे खालून समोरच्याला उलटवून वर येऊन, दोन पॉइंटने पुढे होतो. शेवटचं मिनिट चालू होतं. तो हाफ गार्डमध्ये, म्हणजे खालून माझा एक पाय आपल्या दोन पायांत धरून बसलेला. मी पाठ फिरवून मागे पाऊल टाकलं, मांडी मिठीत घेऊन पडलो, आणि पडतानाच कळलं की कंबर बरोबर बसली आहे. असं क्वचित होतं. एरवी पडल्यावर थोडं सरकावं लागतं, तेवढ्यात समोरचा लोळतो. हा लोळला नाही. पाय सरळ झाला. मी ढिलाई काढली. टॅप नाही. कंबर थोडी पुढे नेली. टॅप नाही. माझा गाल त्याच्या पोटरीला चिकटलेला, पोटरीचा स्नायू थडथडत होता. मागून आमची पोरं ओरडत होती, "तोड, तोड!" पंच वाकून बघत होता, पण काही बोलत नव्हता. समोरच्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नीबारमध्ये दिसतच नाही, तुम्ही पायाच्या दिशेला असता. हात दिसला. तो मॅटवर उघडा पडला होता, बोटं ताणलेली, आणि हलत नव्हता. मी आणखी थोडं नेलं. आता मी सरळ रेषेच्या बराच पुढे होतो, कुठल्याही अनोळखी गुडघ्यात एवढा आत कधी गेलो नव्हतो. मागच्या बाजूला काहीतरी बारीक सरकल्यासारखं छातीला जाणवलं. आवाज नाही. नुसतं सरकणं.

मी सोडला.

तो लगेच उठून वर आला. माझे पाय अजून गोळा व्हायचे होते, त्याने गार्ड पास केला, म्हणजे माझे पाय ओलांडून बाजूला आला, आणि दाबून धरलं. पासचे तीन, माझे दोन. शिट्टी.

नंतर हॉलबाहेरच्या गाडीवर तो वडापाव खात उभा दिसला, त्याच पायावर भार देऊन. मी विचारलं, "गुडघा?" म्हणाला, "ठीक आहे. अजून जागा होती." हसला नाही, खोचकपणे बोलला नाही. नुसतं सांगितलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय.

घरी बाबांचा वेगळाच त्रास. ते तरुणपणी सांगलीकडच्या तालमीत घुमलेले. "धरलेला डाव सोडतात का रे?" मी म्हटलं, तुमच्याकडे खांदे टेकले की पंच चीत देतो, पडलेल्याला कोणी विचारत नाही. आमच्याकडे हरलो हे हरणाऱ्यानेच सांगायचं असतं. त्याने नाही सांगितलं तर मी कुठवर जाऊ? म्हणून त्यांना फ्रँक मीर आणि ब्रॉक लेसनरची 2008 ची यूएफसीतली, म्हणजे अमेरिकेतल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेतली, लढत दाखवली. लेसनर म्हणजे अमेरिकेत कॉलेजची हेवीवेट कुस्ती जिंकलेला, सांडासारखा माणूस. मीरने दीड मिनिटात नीबार लावला आणि लेसनरने टॅप केलं. बाबा म्हणाले, "शहाणा आहे. पाय वाचवला." थोडं थांबून, "मग तुझ्यासमोरचा का नाही वाचवत?"

एक कारण सांगू शकतो. आयबीजेजेएफच्या, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात पर्पल बेल्टपर्यंत नीबारला बंदीच आहे, ब्राउनपासून चालतो. ज्युदोत तर सांध्यांपैकी फक्त कोपराला हात लावायचा. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं रोल, म्हणजे सरावाच्या लढती, करतात पण आपल्या गुडघ्याची हद्द त्यांना माहीत नसते. हा नियम सुरक्षेसाठीच आहे, पण उशिरा ओळख होते त्याचं काय? आमच्या सरांचं आणि माझं यावर पटत नाही. ते म्हणतात, नवख्याच्या हातात नीबार दिला तर महिन्याला एक गुडघा जाईल. तेही खोटं नाही.

ब्लू बेल्टवरचा, म्हणजे पूर्वीचा, मी आज भेटला तर सरळ सांगेल: गुडघा त्याचा, हात त्याचा, टॅप करायचा की नाही तो बघेल. पंच उभा आहे. तू कोण दया दाखवणारा? याला माझ्याकडे धड उत्तर नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य बंध, गेला तर ऑपरेशन करून पुन्हा खेळायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि तेवढे दिवस लोकलला लटकायचं, पूल चढायचे, हे सगळं मी त्याला ऐकवीन. तो म्हणेल, ते समोरच्याला टॅप करायच्या वेळी कळायला हवं होतं. आणि जास्त टोचेल ते हे की तो विचारेल, दयेने सोडलास की घाबरून? मला ते सरकणं जाणवलं आणि माझ्या पोटात गोळा आला, हे खरं आहे. त्याला दया म्हणायचं का, मला ठरवता येत नाही.

शिवाय माझ्या सोडण्याचा जिममध्ये एक तोटा होतोय, त्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. दोन-तीन पोरं आता माझ्या नीबारमध्ये टॅपच करत नाहीत. त्यांना माहीत आहे, हा सोडणार. परवा एक जण पाय पूर्ण सरळ असताना माझ्याशी गप्पा मारत होता. उद्या हाच पोरगा दुसऱ्या कोणाच्या हातात सापडेल आणि तिथेही असाच वाट बघत बसेल. त्याला मी काय शिकवलं? आता मी कंबर पुढे नेऊन तिथेच थांबतो, सोडत नाही, पुढेही नेत नाही, टॅप येईपर्यंत धरून ठेवतो. पोरं वैतागतात. सरांना हे पसंत आहे. मला अर्धवट वाटतं, कारण फायनलला असं धरून बसायला कोणी वेळ देत नाही.

डिसेंबरमध्ये पुन्हा स्पर्धा आहे, तोही येणार आहे म्हणे. त्याचा गुडघा कुठवर जातो ते मला आता माहीत आहे, आणि सापडला तर तिथवर नक्की नेणार. त्याच्या पुढे काय करेन ते मला माहीत नाही, आणि "सोडू नकोस हं" म्हणणाऱ्यांनी तेवढा वेळ गप्प बसावं.