पेशवे दफ्तरात पाण्याचा माग: कात्रजच्या नळापर्यंत

पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे आपल्या पेशवे दफ्तरात जाऊन 'पाणीपुरवठ्याची फाइल द्या' म्हणालात तर हाती काही लागणार नाही. तसा विषयच तिथे नाही. कागद लावलेत ते कारभाराच्या सोयीने: रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (खात्यांनुसार लावलेले हिशेब), चिटणिशी (पत्रव्यवहार), प्रांत अजमास (प्रांतांचे जमाखर्चाचे अंदाज). पाणी शोधायचं ते खर्चात. बेलदार, पाथरवट, गवंडी, चुना, मजुरी, इनाम हे शब्द डोक्यात ठेवून यादी चाळा.

कौन्सिल हॉलजवळची ही दगडी इमारत 1891 सालची. कागद रुमालात बांधलेले. असे रुमाल हजारोंनी आणि कागद कोटींत. लेखी अर्ज, ओळखपत्र, विषय नेमका लिहिलेला, एवढी तयारी करून जा. शाईचं पेन बाहेरच ठेवा, पेन्सिल न्या. धुळीचा त्रास असेल तर मास्कही.

रुमाल सोडला की पहिली अडचण मोडी लिपीची. हात न उचलता लिहिलेली ओळ, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ते आधी करावेत, नाहीतर जाणकार सोबत न्यावा. दुसरी अडचण तारखेची. 'सन खमसैन मया व अलफ' असं दिसलं की घाबरायचं नाही. खमसैन 50, मया 100, अलफ 1000; झाला सुहूर सन, म्हणजे या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, 1150. त्यात 599 मिळवले की 1749, आणि वर्षाचा उरलेला भाग 1750 मध्ये. 'छ' आणि पुढे मुसलमानी महिना आला तर ती चांद्र तारीख. कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी आणणाऱ्या नळाचं काम नानासाहेब पेशव्यांनी हाती घेतलं ते याच सुमाराला, त्यामुळे मी आधी या सनाच्या आसपासच राहिलो. वाट्टेल ते साल मागवत बसलं तर जन्म पुरणार नाही.

इंग्रजी येत असेल तर 1885 चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर दफ्तरात जाण्याआधी वाचून काढा. कात्रज, नाना फडणीस, रास्ते, चौधरी असे शहराचे जुने नळ त्यात नोंदलेत. सरदार-सावकार मंडळी स्वतःचे नळ आणत होती, म्हणजे एकट्या सरकारी हिशेबात सगळं सापडणार नाही, हे तेव्हाच कळतं. खाजगी घराण्यांच्या कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ गाठावं.

पण कागदाआधी कात्रज बघा, असं माझं ठाम मत. वरच्या तलावात गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्या तलावात येतं आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने, नुसत्या उताराच्या जोरावर, शनिवारवाड्याकडे. नळ माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास: तिथे कोंडलेली हवा बाहेर पडते आणि राहिलेला गाळही खाली बसतो. हे डोळ्यांपुढे असलं की हिशेबात दुरुस्तीचा खर्च दिसल्यावर नेमकं काय बुजलं असेल, याचा अंदाज बांधता येतो. सातारा रस्त्याच्या कडेने काही उच्छ्वास अजून उभे आहेत. शहरात आलात की फडके हौद, बदामी हौद ही नावं भेटतात. लोक तिथे रिक्षा थांबवतात, पाण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही.

1879 पर्यंत खडकवासल्याचं धरण झालं. त्यापुढचा इतिहास सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंग्रजी कागदांत आहे आणि त्यासाठी मुंबईला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जावं लागतं. तो वेगळाच कारभार, वेगळी फेरी.

बेत आखताना एवढं बघा: कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं आणि तलाव त्याच आवारात आहे. सरकारी दफ्तर शनिवार-रविवार बंद. म्हणून बुधवार दफ्तराला द्या, कात्रज शनिवारी, आणि स्वारगेटची गर्दी व्हायच्या आत निघा.