ईमच्या दफन-नोंदी

आज डर्बीशरमधल्या ईम गावी जाऊन आले. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने (म्हणजे एका चर्चच्या हद्दीने) बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. म्हणून इंग्लंडात साध्या शेतमजुराच्या घराण्याचाही माग काढता येतो. (आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, पण तिथे नावं यजमान स्वतः सांगतो.)

सप्टेंबर १६६५ मध्ये ईमला जॉर्ज विकर्सचं दफन झालं. तो शिंप्याकडे कामाला होता. लंडनहून आलेल्या कापडातून प्लेग आला असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये रेक्टर (गावच्या चर्चचे पाद्री) विल्यम मॉम्पेसन आणि आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून साथ बाहेर पसरू नये म्हणून अख्ख्या गावाने स्वतःला कोंडून घेतलं. ऑगस्टमध्ये मॉम्पेसनची बायको कॅथरीन गेली.

आणि एलिझाबेथ हॅनकॉक. त्याच महिन्यात आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा मुलं गेली. सगळ्यांना तिने एकटीने पुरलं. गावाबाहेर रायलीला त्यांच्या थडग्यांचे दगड आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते, एकेक नाव मोठ्याने वाचलं.

एलिझाबेथ जगली, शेफिल्डला उरलेल्या मुलाकडे गेली. या बाईबद्दल प्रत्येकाला सांगावंसं वाटतंय.