जीआर शेवटून वाचावा

शासन निर्णय, म्हणजेच जीआर, आजकाल व्हॉट्सॲपवर येतो, आणि येतो तोच मुळी एका ओळीला लाल चौकट मारून. खाली शेरा असतो: ‘झालं बुवा एकदाचं!’ नाहीतर ‘घ्या, आता बसा बोंबलत.’ बाकीची पाच पानं कुणी उघडत नाही. आणि घोळ हटकून त्या पाच पानांतच असतो.

चौकट बहुधा विषयाच्या ओळीला असते. ही ओळ ‘बाबत’ने संपते आणि ‘बाबत’ कशाचंच वचन देत नाही. ‘मानधनात वाढ करण्याबाबत’ एवढं वाचून पेढे आणू नयेत. मूळ ओळ ‘मानधनात वाढ करण्याच्या मागणीचा अभ्यास करण्यासाठी समिती गठित करण्याबाबत’ अशीही असू शकते. लांबलचक विषयाचं शेपूट दुसऱ्या ओळीत जातं आणि चौकटीत मावत नाही, एवढाच काय तो प्रकार.

विषयाखाली क्रमांक येतो. समजा, ‘संकीर्ण-२०१६/प्र.क्र.४५/का-१२’. प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक आणि शेवटचा का-१२ म्हणजे बारावं कार्यासन, विभागातलं ते टेबल जिथे ही नस्ती, म्हणजे फाइल, जन्मली आणि वाढली. मधलं २०१६ हे निर्णयाचं वर्ष नव्हे, ते प्रकरण उघडल्याचं वर्ष. त्याखाली दिनांक २०१९ चा असेल, तर नस्ती तीन वर्षं चालली हे त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून कळतं. खाली सहायक कक्ष अधिकाऱ्याने टिपणी लिहायची, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सचिव, मंत्री, असा जिना. जिन्याच्या कुठल्याही पायरीवर ‘चर्चा करावी’ हे दोन शब्द पडले की नस्ती पुन्हा तळमजल्यावर. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा जो राज्य कायदा आहे, त्याच्या कलम १० नुसार साधी नस्ती कुणाकडेही सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची चार दिवसांत हलली पाहिजे. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, गरज असेल तर तीन महिन्यांत. सात दिवसांची अट पाळूनही नस्ती वर्षभर फिरवता येते, कारण प्रत्येक ‘चर्चा करावी’नंतर सात दिवस नव्याने मोजायला घेता येतात. हे गणित कायदा करणाऱ्यांना सुचलं नसेल असं मानणं जरा कठीणच.

क्रमांकाशेजारचा पत्ताही नुसता ओलांडून जाऊ नये. ‘मादाम कामा मार्ग, हुतात्मा राजगुरू चौक, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२’ हा नेहमीचा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या कागदावर मात्र गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या संकुलातली इमारत आणि ४०० ००१ दिसतं. अर्ज हातोहात द्यायला निघालेल्या माणसाने हे पाहिलं नाही तर तो मंत्रालयाच्या प्रवेशपासाच्या रांगेत दुपार घालवतो आणि खिडकीवर कळतं की विभाग इथे नाहीच. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयातल्या कितीतरी नस्त्या जळाल्या. त्यामुळे त्याआधीचा एखादा जुना आदेश हवा असेल तर मूळ विभागापेक्षा तो ज्यांना पाठवला गेला होता त्या जिल्ह्याच्या कार्यालयात मिळण्याची शक्यता अधिक.

मग ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी. हिला लोक वगळतात आणि नंतर पस्तावतात. नवा कागद पुष्कळदा जुन्याचा एकच परिच्छेद बदलतो. बाकी सगळं जुन्यात तसंच जिवंत असतं. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. जुना निर्णय ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’, म्हणजे त्याची जागा नव्याने घेतली, असं स्वच्छ लिहिलेलं असेल तरच तो सोडून द्यावा. त्यानंतरची प्रस्तावना ‘बाब शासनाच्या विचाराधीन होती’ या वाक्याशी येऊन थांबते. ती वाचली नाही तरी बिघडत नाही, फार तर दोन वाक्यं डोळ्याखालून घालावीत.

निर्णय म्हणून जो भाग असतो त्यात खरा हुकूम बहुतेक वेळा एका वाक्याचा आणि अटी दीड पानाच्या. पण जीआर शेवटून वाचावा असं म्हणायचं ते अटींमुळे नाही, पैशांमुळे. खालून दोन-तीन परिच्छेद वर एक नीरस मजकूर असतो: हा खर्च अमुक मागणी क्रमांकाखाली, अमुक लेखाशीर्षाखाली, मंजूर तरतुदीतून भागवावा. लेखाशीर्ष म्हणजे खर्च कुठल्या खात्यावर पडणार त्याचा आकडा: २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. त्याच्या पोटात उद्दिष्टाचा आकडा असतो: ०१ वेतन, ३१ सहायक अनुदाने वेतनेतर, ३६ सहायक अनुदाने वेतन. संस्थेला पगारासाठी पैसे हवेत आणि शासन निर्णयात ३१ छापलं आहे, तर कोषागारात देयक, म्हणजे बिल, अडणार. कोषागारातला माणूस वाईट नसतो, त्याला अडवण्यासाठीच बसवलेलं असतं. याच भागात आणखी एक वाक्य शोधावं: वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये दिलेल्या सहमतीनुसार. खर्चाचा निर्णय आहे आणि हे वाक्य नाही, तर घोषणा छान झाली असं समजून पुढे जावं. वाक्य असलं तरी कार्यालयाची देयकं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी येईपर्यंत देयक काढता येत नाहीच. मंजुरी आणि निधी यांत एखादं आर्थिक वर्ष सहज संपतं. ३१ मार्चच्या रात्री कोषागारांत दिवे का जळत असतात, ते या परिच्छेदात कळतं.

आणखी खाली आलं की ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. राज्यपालांनी हा कागद पाहिलेला असतो असं नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे शासनाची प्रत्येक कार्यकारी कृती त्यांच्या नावाने व्यक्त करावी लागते, आणि ती साक्षांकित करण्याचा अधिकार नियमांनी सचिवापासून खालपर्यंत वाटून दिलेला आहे. म्हणून ओळ राज्यपालांची आणि सही अवर सचिवांची. त्यात काही कमी-जास्त नाही.

ही सही आता डिजिटल असते आणि तिच्यापायी लोक उगाच घाबरतात. पीडीएफ उघडला की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. याचा अर्थ कागद बनावट आहे असा नाही. ज्या प्रमाणन संस्थेने ते प्रमाणपत्र दिलं तिला आपला संगणक ओळखत नाही, एवढंच. सहीवर क्लिक करून तिचे गुणधर्म उघडावेत, प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे ते पाहावं, खात्री पटली तर विश्वासार्ह यादीत घालून सही पुन्हा तपासावी. पण हे मूळ फाइलवरच जमतं. सही फाइलच्या आत असते. छापून पुन्हा स्कॅन केलेल्या प्रतीवर किंवा स्क्रीनशॉटवर नुसतं तिचं चित्र उरतं.

त्याहून सोपी खूण संकेतांक. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात अठरा आकडे दिलेले असतात. पहिले आठ म्हणजे वर्ष, महिना, दिवस. पुढचे सहा तास, मिनिटं, सेकंद. त्यानंतरचे दोन सोडून द्यावेत. अगदी शेवटचे दोन विभागाचे, वित्त विभागाचा ०५, सामान्य प्रशासनाचा ०७. वित्त विभागाच्या नावाने फिरणाऱ्या कागदाचा संकेतांक ०५ ने संपत नसेल तर हातातला चहा खाली ठेवून बारकाईने बघावं. मात्र वरची तारीख आणि संकेतांकातली तारीख एक-दोन दिवसांनी इकडेतिकडे असू शकते. शासनाच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकून शोध घेतला आणि तोच कागद निघाला, की शंका मिटली.

अगदी तळाशी ‘प्रत’. राज्यपालांचे सचिव, मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव, महालेखापाल महाराष्ट्र-१ मुंबई आणि महाराष्ट्र-२ नागपूर, अधिदान व लेखा अधिकारी, सर्व कोषागार अधिकारी, आणि शेवटी निवडनस्ती, म्हणजे विभागाने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. ही यादी मानपानाची वाटते, पण ती कामाची आहे. ज्या कार्यालयाचं नाव त्यात नाही ते ‘आम्हाला प्रत प्राप्त नाही’ म्हणायला मोकळं. खेटे घालून दमलेल्याने आधी पाहावं की समोरच्या साहेबांचं पदनाम यादीत कितव्या क्रमांकावर आहे, आणि अर्जात तो क्रमांक लिहावा. उत्तराचा सूर लगेच बदलतो.

प्रत्येक सरकारी कागद जीआर नसतो, हेही सांगितलेलं बरं. परिपत्रक आहे त्या धोरणाची समज देतं. आदेश एका प्रसंगापुरता असतो. नियम मात्र अधिसूचनेने राजपत्रात यावे लागतात. नियम एक आणि शासन निर्णय दुसरं सांगत असेल तर नियम वरचढ. संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं आहे की प्रशासकीय सूचनांनी नियमांतली मोकळी जागा भरावी, नियम बदलू नयेत. आपलं राजपत्र हा तर वेगळाच नमुना. साप्ताहिक अंकाच्या माथ्यावर ‘गुरुवार ते बुधवार’, इंग्रजी तारखांच्या जोडीने शके आणि पौष-माघ, आणि भाग चार-ब असेल तर ‘भाग एक, एक-अ आणि एक-ल यांमध्ये प्रसिद्ध केलेले नियम व आदेश यांव्यतिरिक्त’ असा कंस, की ज्यात नक्की काय उरलं हे समजायला आधी एक, एक-अ आणि एक-ल उघडावेत. सामान्य माणसाचा राजपत्राशी संबंध येतो तो भाग दोनमध्ये, नाव बदलताना. तिथे जुनं नाव आधारवर आहे त्याच स्पेलिंगने द्यावं आणि छापून आल्यावर आपल्या नोंदीच्या पानासोबत माथ्याचं पानही जपावं. नुसत्या नोंदीचं कात्रण बँकेत चालत नाही.

नियुक्त्या आणि बदल्यांच्या आदेशांत साहित्य कमी, तक्ताच जास्त. वर सांगितलेल्याच कायद्याने बदल्या एप्रिल-मेमध्ये, साधारण तीन वर्षांच्या पदावधीनंतर व्हायच्या. मध्येच केली तर कलम ४(५) खाली कारणं लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ‘प्रशासकीय निकड’ या दोन शब्दांत कारण उरकलं की आदेश मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो. नव्या ठिकाणी हजर होण्याच्या मुदतीचे नियम १९८१ चे आहेत. त्यांचं पूर्ण नाव पदग्रहण अवधीपासून सुरू होतं, स्वीयेतर सेवा आणि निलंबन ओलांडून बडतर्फीच्या काळातल्या प्रदानांपर्यंत पोचतं. वाचता वाचता अवधी संपायचा.

आणि तारीख. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर सेवेत येणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी वर्गणीवर चालणारी परिभाषित अंशदान योजना लागू केली. कागद आणि अंमल यांत एक रात्र. एकाच जाहिरातीतून निवडलेले दोघे, एकाची नियुक्ती ऑक्टोबरात, दुसऱ्याची कागदपत्रं अडकल्याने डिसेंबरात, तर म्हातारपणाचा हिशेब वेगळा. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने यातली एक गाठ सुटली: जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असेल तर नंतर रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा एकदाच विकल्प, तोही सहा महिन्यांच्या आत. मग अठरा-वीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची कात्रणं शोधण्याची धावपळ उडाली, कारण आता रुजू झाल्याच्या तारखेइतकीच जाहिरातीची तारीखही मोलाची ठरली होती.

शेवटी शुद्धिपत्रक. ‘परिच्छेद ४ मधील दुसऱ्या ओळीतील “आणि” ऐवजी “किंवा” असे वाचावे’ एवढ्या एका ओळीने दोन अटींची एकच होते आणि शेकडो माणसं आत येतात. पण चुकीचा मूळ कागद संकेतस्थळावर तसाच राहतो आणि शुद्धिपत्रकाला संकेतांक नवा मिळतो, म्हणून जुना आकडा टाकून ते सापडत नाही. बहुतेक वेळा बदलत नाही तो प्र.क्र. मूळ निर्णयावरचा प्र.क्र. आणि कार्यासन टिपून घ्यावं, विभाग निवडावा, नंतरच्या वर्षभराची यादी काढावी आणि त्याच क्रमांकाचं आणखी काही निघालंय का ते पाहून मगच अर्जाला प्रत जोडावी.