मागे अजून ड्रम ब्रेकच का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"पुढे मोठ्या डिस्क आणि मागे अजून ड्रमच? केबलऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक हँडब्रेक का नाही लावलास?" माझ्या मारुती झेनच्या चाकात वाकून बघणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि मी "बजेट नव्हतं" म्हणून सुटतो. बजेट होतं.

झेन हलकी, इंजिन पुढे, ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागे डिस्क टाकून फार काही पदरात पडत नाही हो. ड्रमचं कसंय, फिरणारा ड्रमच आतून दाबल्या जाणाऱ्या शूला, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्याला, सोबत ओढून अजून घट्ट करतो, म्हणून साध्या केबलच्या ताणावर गाडी चढावर उभी राहते. मागे डिस्क हवीच असेल तर केबलवाला कॅलिपर (डिस्कला चिमट्यासारखा पकडतो तो) घ्या, नाहीतर डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो तो सेट कुर्ल्याच्या भंगारात हुडका.

खरं कारण असल्फ्याचा उतार. मित्राची गाडी, मागे डिस्क, केबल काढून टाकलेली, फक्त हायड्रॉलिक लिव्हर. लिव्हर खेचून लॉक केला, गाडी न्यूट्रलला, आणि आम्ही वडापाव खायला. अर्धा वडा झाला असेल नसेल तोच कुणीतरी ओरडलं, "ओ, गाडी! गाडी!" इंजिन बंद, आवाज नाही काही नाही, गाडी आपली सावकाश खाली चाललेली, खाली एक पोरगा स्टँडवरच्या स्कूटरवर बसून मोबाईल बघत होता. उडी मारली म्हणून वाचला. स्कूटर गेली, गाडी भिंतीला जाऊन टेकली. पोराची आई धावत आली, हात थरथरत होते तिचे, म्हणाली, "हँडब्रेक नाही का हिला?" मित्र म्हणाला, "आहे की मावशी, खेचलाय." आत बघितलं तर लिव्हर खरंच वर होता.

रबरी सीलमधून ऑइलचं प्रेशर उतरलं होतं. तो लिव्हर वळणावर मागची चाकं क्षणभर लॉक करायला असतो, गाडी उभी धरून ठेवायला नाही.

"मग केबलपण ठेव आणि तोपण लाव की," असं माझ्यातलाच जुना मी अजून म्हणतो, आणि त्याचं चूक नाहीये. मी त्याला सुप्रीम कोर्ट दाखवतो, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून वेगळे बदल चालणार नाहीत म्हणाले होते जानेवारी २०१९ मध्ये. माझ्या पुढच्या डिस्कचं काय ते विचारू नका.

आणि हो, पावसाळ्यात बिल्डिंगखाली मी हँडब्रेक लावतच नाही, शू गंजून ड्रमला चिकटतात, म्हणून गिअरमध्ये टाकून चाकाखाली वीट. मित्र यावर जाम हसतो. तो अजून हायड्रॉलिकच वापरतो, फक्त आता आठवणीनं गिअरमध्ये टाकतो, आणि त्याची गाडी परत कधी घसरली नाही, हेपण सांगायला हवं.