डाव्या हाताची गिटार

श्रावण लागला की सावंतवाडीत माझ्याकडे पेट्यांची रांग लागते. चतुर्थीच्या भजनांआधी भाते, सूर, पट्ट्या सगळं लावून द्यायचं असतं. त्या गर्दीत वेंगुर्ल्याचे एक बुवा पेटी घेऊन आले. सोबत मुलगा, अंगात 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडचा टी-शर्ट, खांद्याला उजव्या हाताची साधी गिटार.

"काकानू, ही डाव्या हाताची करून देशात?"

बुवा तडकले. "उजव्या हातान वाजव म्हणान सांगा त्याका."

बहुतेक कारागीर तारा उलट्या चढवतात आणि पैसे घेतात. याला काम म्हणत नाहीत. नट म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाची, तारा पेलणारी पट्टी. तिच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे असतात. उलटल्यावर बारीक तार रुंद खाचेत खडखडते. म्हणजे हाडाचा नवा नट घासणं आलं. सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, तिरकी असते, कारण जाड तारेला किंचित जास्त लांबी लागते. तीच तार आखूड बाजूला गेली की बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या) सूर चढतो. सॅडलची जुनी खाच शिसवी पट्टीने बुजवायची, चिकटवलेलं पुरतं सुकू द्यायचं (पावसात इथेच जीव जातो), मग उलट्या तिरक्या रेषेत नवी खाच पाडायची.

निर्वाणाचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन याने १९९३ साली 'एमटीव्ही अनप्लग्ड' या टीव्ही कार्यक्रमात वाजवलेली १९५९ची मार्टिन कंपनीची गिटारही मुळात उजव्या हाताचीच, अशीच फिरवून घेतलेली. २०२०च्या लिलावात ती साठ लाख डॉलरला गेली. आकडा ऐकून बुवा नरमले. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मला सांगायचं होतं ते वेगळंच.

कोबेन वॉशिंग्टन राज्यातल्या ॲबर्डीनचा. लाकडाच्या धंद्यावर जगलेलं, पावसाचं गाव. चौदाव्या वाढदिवसाला मामाने त्याला जुनी गिटार दिली. १९८७मध्ये क्रिस्ट नोव्होसेलिकबरोबर बँड उभा केला, १९९१ला 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला, १९९४च्या एप्रिलमध्ये सिएटलला सत्ताविसाव्या वर्षी त्याने जीव दिला. गावाच्या वेशीवरच्या पाटीवर 'कम ॲज यू आर' हे त्याच्या गाण्याचे शब्द लागले २००५मध्ये. आपल्याकडेही पोराने मुंबईत नाव काढलं की मग शाल-श्रीफळ. तो घरात आहे तोवरच त्याच्या हाताला बसेल असं वाद्य द्यायला काय हरकत आहे? बुवांना मी हेच विचारलं.

"करा तर," एवढंच म्हणाले, आणि पेटीआधी गिटार द्या म्हणून बजावून गेले.

बाराव्या फ्रेटवर सूर आता नेमका लागतो. आतल्या आधारपट्ट्या मात्र उजव्या हाताच्या मांडणीच्याच राहिल्या. त्यामुळे खर्जाचा भरणा कमी पडतो का, याचा उलगडा मला अजून होत नाही. पावसात लाकूड फुगलेलं असतं. दसऱ्यानंतर परत घेऊन ये म्हटलंय, तेव्हा सॅडलवरून पुन्हा एकदा कानस फिरवावी लागेल.