आमची वाटचाल : वर्गणीदारांची वही आणि पियानोच्या तबकड्या

पुण्याच्या नारायण पेठेत माझ्या वडिलांचे रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. १९८८ साली ते माझ्या हाती आले तेव्हा लोक येत ते नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या रेकॉर्डसाठी, आणि पाश्चात्त्य संगीताची एकही तबकडी आमच्या फळीवर नव्हती. त्याच वर्षी कॅम्पातील एक वृद्ध पारशी गृहस्थ घर आवरताना तीन लाकडी खोकी आमच्याकडे विकून गेले. त्यांत लाखेच्या जड तबकड्या होत्या आणि त्यांवर पियानोवादक आर्तुर श्नाबेल यांनी वाजवलेले बेथोव्हनचे सोनाटा, म्हणजे पियानोसाठीच्या दोन-चार भागांच्या रचना, होत्या.

पहिली तबकडी मी माझ्या हाताने नासवली. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या व्हिनाइलच्या तबकड्या, पुसण्याच्या सवयीने मी तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि पृष्ठभाग डोळ्यांदेखत चिकट झाला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यातूनच पॉलिश तयार होते, हे कोणत्याही सुताराने मला सांगितले असते. उरलेल्या तबकड्या मी ऊर्ध्वपातित पाण्याने स्वच्छ केल्या आणि मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या या तबकड्यांसाठी लागणारी रुंद टोकाची सुई मिळवली, कारण एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाशी घासत राहते. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे. त्यामुळे शेवटच्या सोनाटाचा दुसरा भाग पूर्ण ऐकायचा तर वाटेत किमान तीनदा तबकडी बदलावी किंवा उलटवावी लागे.

श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये बेथोव्हनचे बत्तीसही सोनाटा ध्वनिमुद्रित केले, आणि तो संच पूर्ण करणारे ते पहिले वादक ठरले. ध्वनिमुद्रणाला ते बराच काळ तयार नव्हते. व्यापारी म्हणून माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. एवढा खर्चिक संच काढण्यासाठी हिज मास्टर्स व्हॉइसने बेथोव्हन सोनाटा सोसायटी स्थापन करून आगाऊ वर्गणीदार नोंदवले होते. पुण्याच्या वाचकाला प्रकाशनपूर्व नोंदणी नवी नाही. पुस्तकबाजाराच्या अप्पा बळवंत चौकात ज्ञानकोशांचे आणि चरित्रांचे कितीतरी खंड याच वाटेने घरोघरी गेले. आम्ही तीच पद्धत परदेशी तबकड्यांसाठी उचलली. एक लांब वही केली, तीत गिऱ्हाइकाचे नाव, हव्या असलेल्या संचाचे नाव आणि निम्मी रक्कम लिहून घेतली, आणि पुरेशी नावे झाल्यावरच माल मागवला. भांडवल नसलेल्या दुकानाला दुसरा मार्ग नव्हता.

नावे मिळवणे सोपे नव्हते. आमचे बहुतेक ग्राहक सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसणारे होते, आणि पियानोत मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणे) नाही, मग हे संगीत गाणार कसे, अशी त्यांची रास्त शंका होती. पेटीवर हाच आक्षेप घेतला गेला होता आणि १९४० पासून अनेक वर्षे ती आकाशवाणीवर वर्ज्य होती. पियानोची अडचण तर पेटीहूनही मोठी आहे. पेटीचा स्वर भात्यावर हवा तेवढा धरून ठेवता येतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. मोठा वादक पुढचा स्वर मागच्या स्वराच्या विरत्या पातळीशी असा जुळवून घेतो की कानाला सांधा जाणवत नाही. हे शब्दांत पटत नाही, म्हणून मी पियानोवादक दिनू लिपाती यांची रेकॉर्ड लावत असे. १६ सप्टेंबर १९५० रोजी फ्रान्समधील बेझाँसाँ येथे अत्यंत आजारी अवस्थेत त्यांनी शेवटची मैफल केली. संगीतकार शोपँच्या चौदा वॉल्ट्झ (नृत्यलयीतल्या रचना) पैकी तेरा वाजवून झाले आणि चौदाव्यासाठी त्राण उरले नाही. त्याच डिसेंबरमध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. ती रेकॉर्ड ऐकून एका गायनशिक्षिकेने आमच्या वहीत पहिले नाव लिहिले, आणि तिच्यामागून तिच्या शिष्यांनी.

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी मात्र आमचे दुकान खऱ्या अर्थाने उभे केले. बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स त्यांनी १९५५ साली, बाविसाव्या वर्षी ध्वनिमुद्रित केले आणि १९८१ साली पुन्हा केले. पहिले वादन सुमारे अडतीस मिनिटांत संपते, दुसऱ्याला एक्कावन्न मिनिटे लागतात. आरंभीची आरिया, म्हणजे मूळ धून, दोन्हींतून लागोपाठ ऐकवली की ग्राहक एकच बंदिश दोन लयींत ऐकल्यासारखा बोलू लागतो आणि बहुधा दोन्ही संच घेतो. एकाने रेकॉर्ड परत आणली, कारण पियानोच्या मागे कोणी गुणगुणत होते. ते स्वतः गूल्डच आहेत हे कळल्यावर त्याने ती छातीशी धरून घरी नेली.

अचूक वादन हवे असणाऱ्यांना मी पियानोवादक माउरित्सियो पोल्लिनी यांचे १९७२ चे शोपँचे एट्यूड (सरावासाठीच्या रचना) देतो. त्यांत बोट कुठेही घसरत नाही. श्नाबेल यांनी वाजवलेल्या बेथोव्हनच्या हामरक्लाव्हियर सोनाटात, विशेषतः शेवटच्या फ्यूगमध्ये (एकच सुरावट एकामागून एक आवाजांत येते अशा भागात), स्वर स्पष्टपणे चुकलेले आहेत. तरीही माझ्या मते त्या संथ तिसऱ्या भागातली शांतता इतर कोणाच्याही संचात मिळत नाही, आणि हे मी प्रत्येक ग्राहकाला तोंडावर सांगतो.

सीडी आल्या, त्याही विकल्या. मग संगीत फोनवर आले आणि काही वर्षे आम्ही केवळ ॲम्प्लिफायर दुरुस्तीवर तगलो. एलपीची मागणी परतल्यावर वही पुन्हा उघडली. आता दुकानात आम्ही तिघे आहोत. पावसाळ्यात बुरशीचे काम वाढते, तबकड्या उभ्याच ठेवाव्या लागतात, आणि नऊ खुर्च्यांच्या मागच्या खोलीत ऐकल्याशिवाय आम्ही कोणताही महाग संच विकत नाही.

सध्या वहीत पियानोवादक विल्हेल्म केम्प्फ यांच्या बेथोव्हन संचासाठी चौदा नावे आहेत. वीस झाली की मागणी पाठवू.